शनीची नजर आणि गणपतीचे मस्तक

॥ श्री गणेशाय नमः ॥



गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मी शनीवर लिहितो आहे हे कळल्यावर आमच्या घरी थोडी कुरबूर झाली. "सणासुदीला कुठे शनीचे नाव काढता?" असे सौ. म्हणाली. तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण गणपतीचे आणि शनीचे नाते फार जवळचे आहे. ते शेवटी सांगेन. त्याआधी हा विषय डोक्यात कसा आला ते सांगतो.

अलीकडे एका रविवारी आरतीनंतर पार्किंग लॉटमध्ये एका मित्राची मुलगी मला भेटली. तिचा जन्म इथलाच, १९९६ सालचा. तिच्या बारशाला आम्ही सगळे जमलो होतो आणि पाळणा म्हणता म्हणता शब्द विसरलो होतो, ते मला आठवते. ती आता तिशीला टेकली आहे. गाडीचे दार उघडता उघडता ती मला म्हणाली, "काका, माझं सॅटर्न रिटर्न चालू आहे. जॉब बदलला, एन्गेजमेंट तुटली, काहीच नीट होत नाहीये. आपल्या देवळात त्यासाठी काही पूजा असते का?"

मी घाईत होतो. "शनिवारी ये, नवग्रहांना तेल वाहा," असे सांगून मोकळा झालो. ती "ओके, थँक यू काका" म्हणून निघून गेली. घरी आल्यावर मात्र मला स्वतःची लाज वाटली. कारण हाच प्रश्न मी तिच्याच वयात विचारला होता, आणि मलाही असेच घाईचे उत्तर मिळाले होते. तेव्हा हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. तिच्या वयाची आणखी पुष्कळ मुले-मुली आपल्या समाजात आहेत, त्यांनीही ते वाचावे, किंवा आईवडिलांनी त्यांना वाचून दाखवावे.

शनीचा हिशेब

आधी साधे गणित पाहू. शनी सूर्याभोवती एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांत पूर्ण करतो. राशी बारा. म्हणजे एका राशीत त्याचा मुक्काम साधारण अडीच वर्षांचा. आपल्या जन्मराशीच्या मागच्या राशीत तो आला की साडेसाती सुरू होते, जन्मराशीत आला की मधली अडीचकी, आणि पुढच्या राशीत गेला की शेवटची. तीन अडीचक्या मिळून साडेसात वर्षे. दृक्-गणिताच्या पंचांगाप्रमाणे २९ मार्च २०२५ रोजी शनी मीन राशीत आला आणि जून २०२७ मध्ये तो मेषेत पाऊल टाकतो. म्हणजे मीनेच्या या मुक्कामात कुंभ, मीन आणि मेष या तीन राशींना साडेसाती.

इथली मुले ज्याला 'सॅटर्न रिटर्न' म्हणतात ते थोडे वेगळे. जन्माच्या वेळी शनी ज्या राशीत होता तिथे तो परत येतो, ते वय असते एकोणतीस-तीस. १९९६ ते १९९८ च्या सुरुवातीपर्यंत जन्मलेल्यांचा शनी मीनेत आहे, म्हणून त्यांची ही फेरी आता पूर्ण होते आहे. त्यापुढे छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास गुरूची तिसरी फेरी संपते आणि सदतिसाव्या वर्षी राहू-केतूंची दुसरी. म्हणजे तिशीत तीन मोठी घड्याळे एकामागून एक टोले देतात.

यात एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. बारांपैकी तीन राशींना साडेसाती म्हणजे चारांतल्या एकाला. आपल्या सभागृहात आरतीला चारशे माणसे असली तर त्यांतल्या सुमारे शंभरांची साडेसाती चालू असते. एक साडेसाती संपली की दुसरी यायला मध्ये जेमतेम बावीस वर्षे. तेव्हा 'माझ्याच वाट्याला का?' हा प्रश्न शनीच्या बाबतीत तरी विचारता येत नाही. तो सर्वांच्या दारी जातो, श्रीमंतांच्याही आणि ज्योतिषांच्याही.

आमचे आजोळ

शनीची ओळख मला लहानपणीच झाली, कारण माझे आजोळ नेवासे तालुक्यातले. हा तालुका मोठा विलक्षण आहे. नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात तो पैस खांब आहे. काळ शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. आणि त्याच तालुक्यात शनिशिंगणापूर. तिथला देव म्हणजे उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा, डोक्यावर छप्पर नाही. गावातल्या घरांना परंपरेने दारे-कुलपे नाहीत. २०११ साली तिथे बँकेची शाखा उघडली तीसुद्धा कुलपाविना, म्हणून वर्तमानपत्रांत आली.

आजोबा मला शनिअमावास्येला तिथे नेत. एकदा मी विचारले, "आजोबा, इथे चोर का येत नाही?" ते म्हणाले, "येतो की. पण त्याला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटते." तेव्हा मला काहीच कळले नाही. कळायला तिसावे वर्ष उजाडावे लागले.

माझी साडेसाती

माझा जन्म १९७० चा, रास मिथुन. जून २००० मध्ये शनी वृषभेत गेला आणि माझी साडेसाती सुरू झाली. त्या वेळी मी कॅलिफोर्नियात होतो. पुण्याचा इंजिनिअर, एच-वन व्हिसा, चांगला पगार, नवी होंडा आणि शेअर्सच्या गप्पा. आईने फोनवर सांगितले, "साडेसाती लागली आहे, जपून राहा." मी हसलो. मला वाटत होते की जे मिळाले ते सगळे माझ्या हुशारीने मिळाले.

२००१ साली नोकरी गेली. त्या वर्षी ती हजारोंची गेली, पण मला ते फक्त माझ्यावर आल्यासारखे वाटले. व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि नोकरी सुटल्यावर आज साठ दिवसांची जी मुदत मिळते ती तेव्हा नव्हती, ती २०१७ पासून आली. सौ.ला तिच्या व्हिसावर काम करण्याची परवानगी नव्हती. मुलगा आठ महिन्यांचा होता. सात आठवड्यांनी ओहायोतल्या या गावी नोकरी मिळाली. पगार कमी, हुद्दा दोन पायऱ्या खालचा, आणि आलो त्या आठवड्यात बर्फ. ग्रीन कार्डची सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्या पानापासून.

मग मी ते केले जे घाबरलेला माणूस करतो. एका जाहिरातीतला नंबर फिरवला. पलीकडच्या ज्योतिषाने दहा मिनिटांत माझी पत्रिका 'पाहिली' आणि नीलम घालायला सांगितला. खडा तोच पाठवणार. नऊशे डॉलर्स. मी ते क्रेडिट कार्डावर भरले आणि घरात सांगितले नाही. महिनाअखेर बिल सौ.च्या हाती पडले. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही माझ्याशी खोटे बोललात, ते करायलाही शनीनेच सांगितले होते का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तो नीलम अजून कपाटात आहे. कुणी मला 'नीलम घेऊ का?' असे विचारले की मी तो काढून दाखवतो आणि किंमत सांगतो.

पण खरा घाव पुढे होता. फेब्रुवारी २००३ मध्ये नगरला वडील गंभीर आजारी पडले. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. गेलो असतो तर मुंबईच्या वकिलातीतून नवा शिक्का घेऊनच परत येता आले असते, आणि त्या काळात ओळखीतले दोघे जण तपासणीसाठी महिनोन्‌महिने तिकडेच अडकलेले होते. मी चार दिवस तिकीट काढू की नको करत राहिलो. पाचव्या दिवशी पहाटे धाकट्या भावाचा फोन आला. अग्नी त्याने दिला. मी इकडे स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभा होतो, आणि पलीकडून फक्त माणसांचा आवाज येत होता.

ही गोष्ट परदेशातल्या किती घरांत घडली आहे हे मला ठाऊक आहे. वाचताना काहींचे डोळे भरले असतील. म्हणूनच ती लिहिली.

घाणा

वडिलांच्या तेराव्याला मी या आपल्या मंदिरात आलो. गुरुजींनी विधी केला. नंतर घरी जावेसे वाटेना, म्हणून मागच्या स्वयंपाकघरात गेलो. तिथे आंध्रातल्या एक आजी प्रसादाची मोठी पातेली घासत होत्या. मी बाह्या वर करून शेजारी उभा राहिलो. थोड्या वेळाने मी त्यांना मोडक्या हिंदीत विचारले, "अम्मा, शनी सुटायला काय करावे?" त्यांनी माझ्या हातातले पातेले उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "बाहेरून पुष्कळ चमकवलेस. आधी आतून घास."

बहुधा त्या पातेल्याबद्दलच बोलत होत्या! पण मी दर शनिवारी तिथे जाऊ लागलो.

शनिमाहात्म्याची पोथी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. त्यातली विक्रम राजाची कथा आपण ऐकलेली असते, पण तिशीच्या चष्म्यातून ती पुन्हा वाचून पाहा. उज्जैनीच्या दरबारात नवग्रहांत श्रेष्ठ कोण याची चर्चा चालते आणि विक्रम शनीची निंदा करतो. साडेसाती लागते. एक घोडा त्याला रानात नेऊन टाकतो. तो परक्या नगरात जातो, तिथे त्याला कुणी ओळखत नाही. चित्रातला हंस खरा मोत्यांचा हार गिळतो आणि चोरीचा आळ राजावर येतो. हातपाय तोडले जातात. शेवटी तो तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकतो.

परके नगर, कुणी ओळखत नाही, न केलेल्या गोष्टीचा ठपका, हुद्दा गेला, हात बांधलेले. ही कथा एच-वनवर आलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. परंतु पुढे पाहा. घाण्यावर बसलेला विक्रम काय करतो? तो गातो. दीपराग गातो आणि नगरातले दिवे आपोआप लागतात. सिंहासनावर असताना त्याच्या गाण्याने दिवे लागले असे पोथी सांगत नाही. घाण्यावर लागले.

आणि शेवटी शनी प्रसन्न होऊन 'वर माग' म्हणतो तेव्हा विक्रम काय मागतो? राज्य मागत नाही. मला दिलेस तसे दुःख दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, असे मागतो. निंदा करणारा राजा आणि हे मागणारा राजा यांच्यामध्ये साडेसात वर्षे आहेत. शनीने काय केले असे विचाराल तर एवढेच केले.

जुलै २००७

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझी साडेसाती संपली ती जुलै २००७ च्या मध्याला. शनी मधल्या काळात एकदा सिंहेत जाऊन वक्री होऊन कर्केत परतला होता, तो त्या आठवड्यात कायमचा सिंहेत गेला. आणि त्याच आठवड्यात काय झाले ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. जुलैच्या व्हिसा बुलेटिनमध्ये नोकरीवरच्या जवळजवळ सर्व ग्रीन कार्डांच्या तारखा खुल्या केल्या होत्या. लोकांनी रात्री जागून अर्ज भरले, डॉक्टरकडे रांगा लावल्या. २ जुलैला सरकारने सांगितले की आता एकही जागा नाही. तेव्हा आपल्या लोकांनी दगड उचलले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. मुन्नाभाईच्या सिनेमातून स्फूर्ती घेऊन त्या खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. ते गुच्छ पुढे वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे गेले. १७ जुलैला निर्णय फिरला आणि अर्ज स्वीकारायचे ठरले.

आईने फोनवर विजयी आवाजात सांगितले, "बघ, शनी सुटला!"

मलाही तसे वाटले. दोन दिवस मी सगळ्यांना तेच सांगत होतो. मग ऑफिसातला एक मल्याळी मित्र पेढे घेऊन आला. त्याचाही अर्ज जाणार होता. त्याची रास सिंह निघाली. म्हणजे त्याची साडेसाती चालूच होती, मधली अडीचकी, लोक जिला सर्वांत जड मानतात ती. मग माझ्या लक्षात आले, की १७ जुलैला दार उघडले ते बाराही राशींच्या माणसांना उघडले. आणि २००१ साली नोकऱ्या गेल्या त्याही बाराही राशींच्या गेल्या.

आपले थोर शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी २००८ साली पुण्यात एक चाचणी घेतली होती. अतिशय हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे पाठवली. सरासरी निम्मीसुद्धा बरोबर आली नाहीत, म्हणजे नाणे उडवून सांगितले असते तरी चालले असते. मी मंदिरात प्रवचन करणारा माणूस आहे, तरी ही गोष्ट मी लपवत नाही. ज्या श्रद्धेला सत्य लपवावे लागते ती शनीसमोर कशी उभी राहील? तो तर न्यायाचा देव.

मग शनीचा उपयोग काय, असे कुणी विचारील. मी माझ्यापुरते उत्तर असे देतो. शनी माझी नोकरी घेत नाही आणि ग्रीन कार्ड देत नाही. पण आपल्या पूर्वजांनी आकाशातला, डोळ्यांनी दिसणारा, सर्वांत सावकाश चालणारा ग्रह निवडला आणि त्याच्या चालीवर एक मोठे कॅलेंडर बांधले. दिवाळी आली की आपण घर साफ करतो. घर दिवाळीमुळे घाण झालेले नसते. तसे तीस वर्षांतून एकदा आयुष्याचे माळे उतरवून झाडायचे, एवढ्यासाठी हे कॅलेंडर. तिशीत ते झाडावेच लागते. तोवर आपण आईवडिलांच्या पुण्याईवर, मार्कांवर, डिग्रीवर चाललेलो असतो. तिथून पुढे स्वतःच्या पायांवर.

गणपतीचे मस्तक

आता सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट. ब्रह्मवैवर्त पुराणात गणेशखंडात ती आहे. पार्वतीला पुत्र झाला. सगळे देव बाळ पाहायला आले, शनीही आला. पण तो मान खाली घालून उभा राहिला. पार्वतीने कारण विचारले. तो म्हणाला, माझ्या नजरेला शाप आहे, मी ज्याच्याकडे पाहीन त्याचा नाश होतो. पार्वतीला ते पटले नाही. माझ्या बाळाकडे पाहा, असा तिने आग्रह धरला. शनीने डोळ्याच्या कोपऱ्यातून जरासे पाहिले आणि बाळाचे मस्तक गळून पडले. हाहाकार झाला. विष्णूने गरुडावरून जाऊन नदीकाठी निजलेल्या हत्तीचे मस्तक आणले आणि बाळाच्या धडावर बसवले.

उटण्याच्या मुलाची आणि शंकराच्या त्रिशूळाची कथा आपण मुलांना सांगतो, ती दुसऱ्या परंपरेतली. ही जरा कमी सांगितली जाते. पण या कथेत विचार करण्यासारखे काय आहे ते पाहा. शनीच्या नजरेने जे गेले ते मस्तक कसे होते, हे कुणालाही ठाऊक नाही. ते सुंदरच असणार, पार्वतीच्या बाळाचे होते. पण त्याची मूर्ती कुणी केली नाही, त्यावर दूर्वा कुणी वाहिल्या नाहीत. आपण दहा दिवस ज्याची पूजा करतो, ते शनीच्या नजरेनंतर आलेले मस्तक. मोठे कान, म्हणजे जास्त ऐकणारे. बारीक डोळे, म्हणजे निरखून पाहणारे.

आणि पार्वतीचे दुःख खोटे नव्हते, हेही विसरू नका. पुराण तिला 'रडू नकोस, पुढे चांगले होणार आहे' असे सांगत नाही. ती रडते, शनीला शापही देते, त्यामुळे तो लंगडा झाला असे सांगतात. माझे वडील गेले ते गेले. त्यातून मला शहाणपण मिळावे म्हणून ते गेले, असे मी कधीच म्हणणार नाही. तसे म्हणणे हे पाप होईल. मी एवढेच म्हणतो, की त्यानंतर माझ्या धडावर जे डोके आले ते आधीच्यापेक्षा थोडे जास्त ऐकते.

हा उत्सव सार्वजनिक करणाऱ्या लोकमान्य टिळकांचेच पाहा. जन्म १८५६ चा. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी तारुण्य घातले, ती त्यांना १८९० साली, चौतिसाव्या वर्षी, सहकाऱ्यांशी मतभेद होऊन सोडावी लागली. आपल्या हाताने उभारलेल्या घरातून बाहेर पडावे लागणे म्हणजे काय ते तिशीतल्या माणसाला कळेल. पण १८९३ साली पाहा: वेदकाळ नक्षत्रांवरून ठरवणारा 'ओरायन' हा ग्रंथ त्याच वर्षी निघाला आणि सार्वजनिक गणेशोत्सवालाही त्याच वर्षी आरंभ झाला. वय सदतीस. त्यांची साडेसाती कधी होती हे पाहण्याची मला गरज वाटत नाही.

तर मग काय करावे?

बेटा, आता तुझ्या प्रश्नाकडे येतो.

देवळात जरूर ये. नवग्रहांना प्रदक्षिणा घाल, तेल वाहा. १९७७ साली फ्लशिंगला गणपतीचे मंदिर झाले तेव्हापासून या देशात ज्या मंडळींनी नवग्रह बसवले, त्यांनी ते आपल्यासारख्यांसाठीच बसवले. पाहा, ते नऊ जण एकमेकांकडे तोंड करून उभे नसतात. तरी एकाच चौथऱ्यावर नांदतात. घरात वादावादी झाली की मला ते आठवतात.

पण तेलाबरोबर तीन गोष्टी कर.

पहिली, खोटे बोलू नकोस, विशेषतः स्वतःशी. एन्गेजमेंट का तुटली हे वहीत लिही. त्याच्या चुका लिही, तुझ्याही लिही. वही कुणाला दाखवू नकोस. शिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, त्याचा अर्थ मला असा वाटतो.

दुसरी, शनी हा कष्टकऱ्यांचा, नोकरांचा, म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा कारक आहे असे ज्योतिषच सांगते. तेव्हा त्याची पूजा त्यांच्याकडे जाऊन होते. आठवड्यातला एक तास दे. तुझ्या ऑफिसात रात्री सफाईला येणाऱ्या बाईंचे नाव तुला माहीत आहे का? तिथून सुरुवात कर.

तिसरी, घाई करू नकोस. आपल्याला शनीची भीती वाटते, कारण तो हळू चालतो आणि आपल्याला सगळे दोन दिवसांत दारात हवे असते. जे नाते, जे काम, जी विद्या तिशीत हळूहळू बांधशील ती टिकेल.

आणि नीलम घेऊ नकोस!

शेवटी एक आठवण. अर्ज गेला, प्रवासाचा परवाना मिळाला आणि डिसेंबर २००७ मध्ये मी पाच वर्षांनी घरी गेलो. आईला घेऊन शिंगणापूरला गेलो. तेव्हा बायकांना चौथऱ्यावर प्रवेश नव्हता. तो २०१६ च्या गुढीपाडव्याला मिळाला. आई खाली उभी राहिली, मी वर जाऊन वडिलांच्या नावाने तेल वाहिले. खाली आल्यावर धीर करून विचारले, "आई, मी आलो नाही, त्याचा राग आला होता का तुला?"

आई म्हणाली, "आला होता. खूप आला होता." मग थोडे थांबून म्हणाली, "पण त्यानंतर तू दर शनिवारी फोन करत राहिलास. एकही चुकवला नाहीस. कार्डातले पैसे संपले की मध्येच तुटायचा, मग परत लावायचास. त्या फोनांनी गेला."

मी शनीला काय वाहिले होते, हे मला त्या दिवशी कळले.

तर बेटा, येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता मंदिराच्या स्वयंपाकघरात ये. गणपतीचे दिवस आहेत, पातेली भरपूर आहेत. मी असेनच. आणि यायच्या आधी आजीला भारतात एक फोन करून ये.

विक्रमाने मागितले तेच आपण सर्वांनी त्या गजाननापाशी मागूया: आम्हाला जे सोसावे लागले ते इतरांना न लागो, आणि लागलेच तर त्यांच्या शेजारी उभे राहायची बुद्धी आम्हाला होवो.

॥ श्रीगजाननार्पणमस्तु ॥